टाकीत अजून काही नाही

४ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यात आधी टपकले ते खालचे शिंपीदादा. गळ्यात टेप तसाच लोंबत, कानावर खडू. म्हणाले, "काकू, तुमच्या खिडकीतून निळा उजेड पडतोय रस्त्यावर. गिऱ्हाईक विचारतंय, वर काय उघडलंय म्हणून." मी म्हटलं, काही उघडलं नाही हो, माशांच्या टाकीचा दिवा बदललाय. तर आत येऊन टाकीसमोर उभे राहिले ते हलेचनात. त्यांच्या मागून जिन्यापलीकडच्या दोघी बहिणी. कुणाच्या घरात काही नवीन आलं की त्यांना वासच लागतो. थोरली म्हणाली, "अगं बाई, मासे निळे पडले की!" धाकटी म्हणाली, "मासे कुठले, आपण पडलोय. हात बघ स्वतःचा." मग सगळ्यांनी आपापले हात उलटे-सुलटे करून बघितले. शिंपीदादांचे दात इतके चमकत होते की थोरलीनं त्यांना तोंड मिटायला लावलं. मी हसून हसून खुर्चीत बसले.

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून एकदम सुरुवातच केली. 'सूनबाई' लिहायला गेले तर पेन अडलं. कागदोपत्री तू आता माझी कोणी नाहीस. नुसतं नाव लिहिलं तर शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतं. राहू दे. तुलाच लिहिलंय हे तुला कळतंय.

फोन करावा तर तू "बरं" म्हणतेस आणि दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणतेस. असेलही. कागदाला घाई नसते. गिऱ्हाईक गेलं की वाच, नाहीतर घरी जाऊन वाच, नाहीतर नको वाचूस.

त्या दिवशी मिरी तुझ्या फोनवर माझ्याशी बोलली ना, तेव्हा तिनं मला काय विचारलं ते तू ऐकलंसच. "आजी, बाबाच्या टाकीत फुलं आहेत का? समुद्राच्या तळाशी असतात ती. जिवंत असतात आणि हात लावला की मिटतात." मी म्हटलं, अजून नाहीत, पण येणार आहेत. आता मला काय माहीत येणार आहेत की नाही! तोंडातून निघून गेलं. "मग मी बघायला येऊ?" म्हणाली. आणि मागून तुझा आवाज आला, "बघू."

तू घर सोडून गेलीस तेव्हापासून इकडं यायचं विचारलं की तुझ्या तोंडून 'नाही' शिवाय काही ऐकलं नव्हतं. 'बघू' ऐकलं आणि मी चपला घालून माशांच्या दुकानात गेले.

टाकी तुला आठवतेच. तुझा नवरा, बघ सवय जात नाही, माझा मुलगा दुसऱ्या गावी गेला तेव्हा म्हणाला, पाणी कुठं उचलून नेऊ. बाकी सगळं नेता आलं त्याला. तेव्हापासून मासे माझ्याकडे. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि एक निळी, जिचं मी जाऊबाई नाव ठेवलंय, कारण सगळी टाकी आपलीच असल्यासारखी ती बाकीच्यांच्या अंगावर जाते. नारिंगीतली मोठी ती बायको आणि छोटा तो नवरा, असं दुकानातली बाई सांगते. आणि पुढचं ऐक. बायको मेली तर म्हणे तो नवराच हळूहळू बायको होतो! मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हटलं, जरा मनावर घ्या.

दुकानातली बाई म्हणजे तिशीतली, केस बारीक कापलेले, हसणं माहीत नाही. बोलताना दर वाक्यात मीठ. मीठ किती, मीठ कुठलं, मीठ मोजलं का. मी तिला खारटबाई म्हणते, मनात. एकदा तोंडावर म्हटलं गेलं, तर म्हणाली, "चालेल." तिनं सांगितलं की नुसत्या माशांची टाकी असते ती सोपी. प्रवाळ ठेवायचं तर वेगळा दिवा, पाण्यात लाटा उठवणारा पंखा, आणि पाण्याची फार निगा. प्रवाळ म्हणजे ती फुलं. खरं तर फुलं नव्हेत, प्राणी आहेत, पण मी मिरीला फुलंच म्हणणार.

पाण्याची निगा मला नवीन नाही. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ खाली राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. ते गाळलेलं पाणी मी ह्यांच्या हातच्या हंड्यात भरून टाकीशेजारीच ठेवते, पहिल्यापासून. तांबटाच्या घरात चांगलं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवलं तर हसतील लोक.

हे बरे आहेत. बोलणं कमी केलंय. टाकीसमोर खुर्ची ओढून दिलीय, तिथंच बसतात. व्यायाम शिकवायला एक बाई येते हल्ली घरी, तीसुद्धा आज निळी होऊन गेली.

मिरीला सांग, दिवा आलाय.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

तुझं उत्तर पोचलं. "सुट्टी लागली की बघू." एवढंच, पण मागच्या 'बघू'पेक्षा दोन-तीन शब्द वाढले. मी ते पत्र डब्यांच्या फळीवर उभं करून ठेवलंय. कुठल्याही डब्याला हात लावायला गेलं की दिसतं.

इकडं सगळं छान चाललंय.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता परत उचललंय. सगळं छान नाही. पण तू काळजी करू नकोस, सुट्टीला वेळ आहे.

आधी गोगलगायी आणल्या. काच चाटूनपुसून साफ करतात आणि त्या जगल्या की पाणी प्रवाळाला लायक झालं असं समजायचं, असं खारटबाई म्हणाली. मला फार आवडल्या गं. त्यांना तोंड आहे, काचेवर चिकटल्या की बाहेरून ते हलताना दिसतं, चुटूचुटू. मी टाकीसमोर बसून त्यांच्याबरोबर तोंड हलवत होते, शिंपीदादांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाळूत उताण्या. मी एकेकीला लांब चमच्यानं सरळ केलं. परत उताण्या.

मग एक कोळंबी आणली, लाल-पांढरी, मिशा इतक्या लांब की मिशांच्या मागून ती येते. मी तिला हवालदार म्हणायला लागले. हवालदारानं एक दिवस पहारा दिला.

खारटबाई म्हणाली, एक प्रवाळाचा तुकडा लावून बघू, फार टणक जात आहे, नवशिक्यांच्या हातूनही मरत नाही. तळहाताएवढ्या दगडावर हिरवे ठिपके, मध्ये नारिंगी. शिंपीदादा बघून म्हणाले, "ही तर बटणं! असली बटणं मिळाली तर मी झगा शिवीन." दुकानात ती उघडी होती, डोळ्यांनी पाहिलीत मी, झालर लावल्यासारखी. घरी आणली आणि मिटली ती मिटलीच. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, प्रवासानं दमली. मग म्हटलं, उजेड जास्त झाला. मग उजेड कमी झाला. मग लाटा जोरात आहेत, मग लाटा पोचत नाहीत. मी रोज कोपरापर्यंत हात घालून तो दगड इकडून तिकडं करते. खाऱ्या पाण्यानं हाताची कातडी तडतडते. शिंपीदादा म्हणतात, "काकू, एवढा मोठा समुद्र सोडून ती तुमच्या बैठकीच्या खोलीत कशाला जगेल?" मी म्हटलं, तुम्ही एवढं मोठं गाव सोडून सारखे माझ्या बैठकीच्या खोलीत का येता? मग दोन दिवस रुसले. मग परत आले.

खारटबाईला एकच कोडं पडलंय. म्हणते, "आजी, तुमचे मासे इतक्या वर्षांत एकदाही आजारी कसे पडले नाहीत? माशांना पांढरे ठिपके येतात, माझ्याकडे औषधाला रांग लागते." मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, निगा लागते बाई, निगा. घरी येऊन ह्यांनाही ऐकवलं.

दमते मात्र मी. बादल्या भरा, मीठ कालवा, पाणी काढा, पाणी घाला. हंडा आता मीच उचलते. ह्यांचं जेवण उरकेपर्यंत माझं गार होऊन जातं, मग तेच खाते आणि टाकीसमोर बसते. जाऊबाई त्या मिटलेल्या बटणांना टोचून बघते आणि माझ्याकडं बघते, जशी काही मीच त्यांना काही बोलले असेन.

मिरीला सांग, फुलं आली आहेत, झोपली आहेत.

१३ मार्च, बुधवार

आज खारटबाई स्वतः घरी आली. बोलावलं नव्हतं. चपला काढता काढताच म्हणाली, "माझ्या दुकानात ज्या गोगलगायी मजेत जगतात त्या तुमच्याकडे येऊन दुसऱ्या दिवशी पाय वर करतात. माझं डोकं चालेना म्हणून आले." गोगलगायीला पाय एकच असतो, पण मला समजलं.

पिशवीतून बाटल्या काढल्या, टाकीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग बघितले. सगळं ठीक. "औषध घातलं होतंत का कधी?" नाही. "डासांचा फवारा?" नाही. "हाताला साबण?" मी हात पुढं केले. कोपरापर्यंत तडकलेले बघून तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "पाणी द्या जरा प्यायला." मी पेला घेऊन येते तर ती टाकीशेजारी उभी.

"हे काय?"

"हंडा."

"ते दिसतंय. आत काय?"

"टाकीत वरून घालायचं पाणी. तू सांगतेस तसं, गाळलेलं, गोडं."

"कधीपासून?"

"टाकी आली तेव्हापासून. का गं?"

ती खाली जमिनीवरच बसली. "आजी, हे तांबं आहे."

"शुद्ध आहे," मी म्हटलं. "ह्यांनी स्वतः घडवलाय. जोड कुठं दिसतो का बघ."

तिनं आणखी एक बाटली काढली, जी तिनं आजवर काढलीच नव्हती. थेंब टाकले आणि पाणी निळं झालं. कसलं सुंदर निळं! मी म्हणणार होते छान रंग आला म्हणून, पण तिचा चेहरा बघितला.

तर ऐक. माशांना ठिपके आले की जे औषध देतात, ते म्हणजे तांबंच असतं. थोडंसं. म्हणून आमचे मासे कधी आजारी पडले नाहीत. निगा वगैरे काही नाही. आणि तेच तांबं गोगलगायीला, कोळंबीला, प्रवाळाला विष. मीठ आणि आंबट तांब्यात ठेवायचं नाही एवढं तांबटाच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून खारं पाणी मी कायम प्लॅस्टिकच्या बादलीत कालवलं. गोड्या पाण्यानं काय होतंय, असं वाटलं. खारटबाई म्हणते, इतकं गाळलेलं पाणी भुकेलं असतं, ज्यात ठेवाल त्याचं थोडं थोडं खातं. आणि हे वर्षानुवर्षं चाललंय, त्यामुळं आता वाळूत तांबं, दगडांत तांबं, नळीत तांबं. सगळं फेकायचं. काच व्हिनेगरनं घासायची. नवीन वाळू, नवीन दगड, नवीन पाणी, आणि मग वाट बघत बसायचं.

मासे जगतायत म्हणजे पाणी चांगलं, असंच मी धरून होते. जे टिकत नाही ते मुळात नाजूक, असं वाटायचं.

"पण तुमची चूक नाही," खारटबाई म्हणाली. "मीच विचारायला हवं होतं." मीठ न घालता बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य.

आणि ह्या सगळ्या वेळात हे खुर्चीत बसून ऐकत होते. मला भानच नाही. एकदम मोठ्यांदा "गाढवा!" असा आवाज आला आणि ह्यांनी पाय लांब करून हंड्याला लाथ घातली. घरभर पाणी. हंडा घरंगळत दारापर्यंत, शिंपीदादा धावत वर. हंड्याला पोचा आलाय. ह्यांनी जन्मात कधी भांड्याला पाय लावला नव्हता. दुकानात गिऱ्हाईकानं भांडं आपटून बघितलं तरी परत घ्यायचे, विकायचे नाहीत.

डाव्या पायानं मारली लाथ. आता सांगतेच. उजवा पाय चालत नाही.

नोव्हेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, हातही. बोलणंही गेलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा एकच शब्द उरला होता, 'गाढवा'. तोच पाणी हवं तरी, खिडकी लाव तरी, मी दिसले नाही तरी. डॉक्टर म्हणतात असं होतं, रागावण्याचे शब्द उरतात. मी म्हटलं, बरोबर आहे, जो शब्द जास्त वापरला तोच उरला. हसले ते, एका बाजूनं. व्यायामवाली त्यांच्यासाठीच येते. आणि डॉक्टर असंही म्हणाले की दुसरा झटका येऊ शकतो, केव्हाही.

तुला कळवलं नाही, कारण तू आली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. दात-ओठ खात आली असतीस, एक दिवस राहून, करायचं ते करून गेली असतीस, आणि मग पुन्हा यायला कारण उरलं नसतं. कीव करून आलेलं माणूस मला नको होतं. मिरीनं फुलांसाठी यावं, हसत यावं, आणि ह्यांना ती दिसावी, असं मनात होतं. ह्यांनी मिरीला खांद्यावर घेऊन केलेल्या फेऱ्या तू विसरली नसशीलच. बाकीचं काय विसरायचं ते तू ठरव.

तर आता फुलं नाहीत. बटणं मेली. मासे उद्या खारटबाईच्या दुकानात जाणार, टाकी धुऊन होईपर्यंत. सुट्टी तोंडावर आली आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही.

म्हणून सांगते, येऊ नका आत्ता. मिरीला खोटं पाडायचं नाही मला. टाकी झाली की मी लिहीन.

आज फार दमलेय. जमीन पुसायची राहिलीय अजून.

८ एप्रिल, सोमवार

काल तू गेल्यावर मी बराच वेळ दार उघडंच ठेवलं होतं. शिंपीदादा म्हणाले, "काकू, दार लावा, मांजर शिरेल." मी म्हटलं, शिरू दे.

तू म्हणशील, कालच भेटलो, आता पत्र कसलं. पण तू स्वयंपाकघरात भांडी घासत होतीस तेव्हा बाहेर जे झालं ते तुला माहीत नाही, आणि तुझ्यासमोर मला नीट सांगता आलं नसतं. आणि माझ्याकडून तुझं जे ऐकायचं राहिलं, तेही लिहूनच होईल.

दार वाजलं तेव्हा मला वाटलं व्यायामवाली. रविवार आहे हेही डोक्यात नाही. उघडलं तर खाली मिरी, वर तू. मिरी केवढी झालीय! समोरचे दोन दात मोठ्या माणसाचे आणि बाकीचे तिचे. तिनं आधी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आजी, तू बुटकी झालीस." तू तिला दटावलंस. नको दटावूस. झालेच आहे.

मग तू मला जे बोललीस ते सगळं बरोबर. "फुलांचं नाव करून बोलावत होतात. माणूस आजारी आहे ते सांगायचं नाही आणि गोगलगायींची पत्रं लिहायची." मी म्हटलं, "तू माझी कोण म्हणून कळवू?" ते मला असं म्हणायचं नव्हतं. मला खरंच विचारायचं होतं, कोण म्हणून कळवायचं असतं अशा वेळी. तोंडातून टोमणा होऊन निघालं. तू म्हणालीस, "मी तुमच्यासाठी आले नाही. मिरीनं हट्ट धरला." आणि आत जाऊन आदल्या रात्रीची भांडी घासायला लागलीस, सांगितलेलं नसताना. एवढी आपटत घासलीस की दोघी बहिणी जिन्यात येऊन उभ्या. मी त्यांना हातानंच जा म्हटलं.

आता बाहेरचं सांगते.

मिरी टाकीसमोर उभी राहिली. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. काय आहे टाकीत? पाणी, वाळू, आणि खारटबाईनं तिच्या जुन्या टाकीतून दिलेले करडे दगड. मासे नाहीत, फुलं नाहीत. महिनाभर मी टाकीसमोरून झाडू मारत जाते, बघायचीसुद्धा इच्छा होत नाही. मिरी म्हणाली, "आजी, यात काहीच नाही." मी म्हटलं, नाही बाळा, अजून काही नाही. मग ती ह्यांच्याकडे वळली. मला धाकधूक, घाबरते की काय. तोंड वाकडं झालेलं, हात मांडीवर पडलेला. हे तिच्याकडे बघून म्हणाले, "गाढवा."

मिरी खदखदून हसली. "आजोबा, मी गाढवी!" म्हणाली. आणि ह्यांच्या खुर्चीच्या दांडीवर चढून बसली, जशी काही कधी उतरलीच नव्हती.

ह्यांनी डावा हात उचलला आणि काचेवर बोट टेकवलं, खाली कोपऱ्यात, दगडाच्या सांध्यावर. मिरीनं नाक काचेला लावलं. बराच वेळ काही नाही. मग ओरडली, "आजी, पीस आहे! दगडातून पीस आलंय!" मी चष्मा शोधून गुडघ्यावर बसले. होतं गं. नखाएवढंसुद्धा नाही. दगडात एक बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी पिसासारखा झुपका, तपकिरी-पांढरा. मिरीनं काचेवर टिचकी मारली तर सटकन आत. थोड्या वेळानं हळूच परत बाहेर. आज दुकानात विचारलं तर खारटबाई म्हणाली, किडा आहे तो, चांगला असतो, दगडातून आपणहून येतो, तांबं असतं तर आला नसता. पण ते आजचं. काल आम्हाला काही ठाऊक नव्हतं, आम्ही तिघं तोंड उघडं टाकून बघत होतो.

तेवढ्यात ह्यांचं बोट दुसरीकडे. तिथं काचेवर पांढरे कण, आणि ते कण पळत होते! मिरी मोजायला लागली आणि चुकून परत मोजायला लागली. मग तिसरीकडे बोट. तिथं दगडावर जांभळा डाग, रंगाचं बोट लागावं तेवढा. हे सगळं ह्यांना पाठ होतं. महिनाभर खुर्चीत बसून तेच बघतायत आणि मला हाका मारतायत, "गाढवा, गाढवा," आणि मी म्हणतेय, अहो थांबा, तुमचंच तर करतेय. कधी पाणी दिलं, कधी पाठीला उशी दिली, कधी मीच रागावले. त्यांच्या बोटाच्या टोकाशी काय आहे ते एकदाही बघितलं नाही. मिरीनं बघितलं.

मग तू पदराला नव्हे, माझ्या टॉवेलला हात पुसत बाहेर आलीस. ह्यांचा चष्मा घसरून एका गालावर आला होता. तो कायमच घसरतो, त्या बाजूचा गाल उतरलाय ना. मी वर करते, तो खाली येतो. तू तो काढलास, आत गेलीस, आधण ठेवलंस आणि वाफेवर धरून काडी वाकवलीस. दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेस, पण मी तुला कधी काम करताना बघितलं नव्हतं. तू येऊन दोन्ही हातांनी तो चढवलास, कानामागं बोटानं चाचपलंस आणि म्हणालीस, "बाबा, वर बघा."

आल्यापासून तू आम्हाला कुणालाच आई, बाबा असं काही म्हटलं नव्हतंस. मलाही 'अहो' वरच भागवलंस. ते असू दे. ह्यांनी वर बघितलं, तुझ्याकडं. चष्मा जागचा हलला नाही. तू लगेच आत गेलीस, गॅस बंद करायचा राहिला म्हणून. गॅस तू आधीच बंद केला होतास. मी बघितलं होतं.

चहाला तू नको म्हणालीस. मी आग्रह केला नाही, हे माझ्यासाठी किती अवघड असतं तुला माहीत आहे.

आज खारटबाईला मी विचारलं, सगळं रीतसर झालं तर पहिली बटणं केव्हा लावायची. ती म्हणाली, पाणी अजून स्थिर व्हायचंय, आधी गोगलगायी, मग बघू. बघ, तिचंही 'बघू'च. पण महिना-सव्वा महिन्यात एखादं लहान प्रवाळ लावता येईल, उघडेल की नाही ते सांगत नाही म्हणाली. मलाही कुणाला सांगायचं नाही. उघडलं तर उघडलं. तोपर्यंत पीस आहे.

मिरीला सांग, आज सकाळी तो पिसाचा किडा आणखी बाहेर आला होता. आणि ह्यांनी व्यायामवालीलाही दाखवला. तिला दिसला नाही, तर तिलाही गाढवा म्हणाले. तिला वाटलं व्यायामाचा राग आला.

दारात तू चपला घालताना म्हणालीस, "पाच मेला बघते, जमलं तर." मिरी म्हणाली, "बघते नाही, येतो म्हण." तू तिच्याकडे बघितलंस, मग टाकीकडे, माझ्याकडे नाही. "बरं. येतो. सकाळच्या गाडीनं." मुक्कामाचं तू काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

पाच मे. रविवार आहे.